कुणाच्या जागी?

सामन्याच्या दिवशी क्रीडा पत्रकाराला मैदान मदत करतं. शतक होतं, झेल सुटतो, पाऊस येतो, नाणेफेक जिंकूनही कर्णधाराचा निर्णय चुकतो. लिहिणाऱ्याची भाषा बेताची असली तरी बातमी उभी राहते. संघ निवडीच्या दिवशी डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नाही. निवड समितीची पाच माणसं एका खोलीत बसतात, कर्णधार आणि प्रशिक्षक आपलं म्हणणं मांडतात आणि दुपारी एक यादी बाहेर येते. तिच्यात पंधरा किंवा अठरा नावं, बाकी काही नाही. त्या यादीवरून वाचकाला काही सांगायचं तर ते सांगणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असावं लागतं. कोण कुठे खेळला, कोणत्या गोलंदाजीसमोर, कितव्या क्रमांकावर, आणि संघाला आत्ता नेमकं काय कमी पडतंय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. म्हणून मला वाटतं, क्रीडा पत्रकारितेचा खरा कस सामन्याच्या वृत्तांतापेक्षा संघ निवडीच्या बातमीत लागतो.

आपल्याकडे या बातमीची भाषा ठरून गेली आहे. कुणाला ‘डच्चू’, कुणाला ‘लॉटरी’, कुणाची ‘पुन्हा उपेक्षा’. मथळ्याखाली वगळलेल्या खेळाडूच्या धावा किंवा बळी, मग दोन माजी खेळाडूंची समाजमाध्यमांवरची नाराजी, शेवटी ‘चाहत्यांमध्ये संताप’. अशा बातमीत एक गोष्ट हमखास गायब असते. अमुक आत हवा होता, हे ठणकावून सांगितलेलं असतं. त्यासाठी बाहेर कुणी जायला हवं होतं, याबद्दल अवाक्षर नसतं.

खरं तर निवडीबद्दलचं कोणतंही मत दोन नावांशिवाय पुरं होत नाही. पंगतीत पानं अठराच मांडलेली असतील, तर एकोणिसाव्याला बसवा म्हणणाऱ्याने कुणाला उठवायचं तेही सांगितलं पाहिजे. ‘त्याला घ्यायला हवं होतं’ ही इच्छा झाली. ‘याच्या जागी त्याला घ्यायला हवं होतं’ असं म्हटलं की ते मत होतं, कारण आता दोघांची तुलना करावी लागते, तुलनेचे निकष सांगावे लागतात, आणि ज्याला उठवायचं त्याच्या चाहत्यांचा रोषही पत्करावा लागतो. ‘कुणाच्या जागी?’ हा प्रश्न निवड समितीला टाळता येत नाही. पत्रकाराला तो सहज टाळता येतो, आणि तो टाळल्यामुळे काय काय बिघडतं, ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

२४ मे २०२५ चं उदाहरण घेऊ. इंग्लंड दौऱ्यासाठी अठरा जणांचा कसोटी संघ जाहीर झाला. रोहित शर्मा आणि विराट कोहली काही दिवसांपूर्वीच कसोटीतून निवृत्त झाले होते, शुभमन गिल नवा कर्णधार होता. मधल्या फळीसाठी दोन नावं बरीच वर्षं वृत्तपत्रांच्या ‘उपेक्षित’ या सदरात मुक्काम करून होती. एक करुण नायर, दुसरा सर्फराज खान. यादीत करुण आला आणि सर्फराज गेला.

दोघांच्याही बाजूने भरपूर लिहून झालं होतं. करुणने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. कसोटीत त्रिशतक करणारा वीरेंद्र सेहवागनंतरचा तो दुसराच भारतीय. पुढच्याच कसोटीत तो संघाबाहेर होता. नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोटी मिळाल्या, मग दार बंद झालं ते आठ वर्षं. विदर्भाकडून खेळताना २०२४-२५ च्या मोसमात त्याने रणजीत ८६३ धावा केल्या, केरळविरुद्ध नागपूरच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. विजय हजारे करंडकात पाच शतकं ठोकली आणि ७७९ धावा केल्या. सर्फराजची कहाणीही तशीच. मुंबईसाठी रणजीच्या २०१९-२० च्या मोसमात ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा, प्रथम श्रेणी कारकिर्दीची सरासरी ऐंशीच्या घरात, तरी जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी संघात त्याचं नाव नव्हतं. त्याच्या वजनाचा विषय निघाला तेव्हा सुनील गावसकर यांनी निवडकर्त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. सडपातळच मुलं हवी असतील तर फॅशन शोमधून निवडा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला सर्फराज कसोटी खेळला आणि दोन्ही डावांत अर्धशतक करून गेला. ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५०. त्यानंतरच्या चार डावांत मात्र ११, ९, ० आणि १.

आता या दोघांत कुणाला घ्यायचं? निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी कारण दिलं होतं. करुणने देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांचा ढीग रचला आहे, तो कौंटी क्रिकेट खेळला आहे, कोहली नसताना अनुभवाची गरज आहे, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. हे कारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्यात तुलना होती आणि इंग्लंड या ठिकाणाचा विचार होता. दुसऱ्या दिवशीच्या बऱ्याचशा बातम्यांत तुलना नव्हती. करुणच्या पुनरागमनाची बातमी एका रकान्यात आनंदाने दिली होती, सर्फराजवरच्या अन्यायाची दुसऱ्या रकान्यात संतापाने. दोन्ही रकाने एकाच जागेबद्दल आहेत, हे पानभर वाचूनही वाचकाच्या लक्षात आलं नसतं. वास्तविक त्या दिवशीचं सगळं निरूपण तिथेच होतं. बंगळुरूच्या १५० धावांना किती मोल द्यायचं, नंतरच्या चार डावांना किती, विजय हजारेच्या पांढऱ्या चेंडूवरच्या शतकांचा लाल चेंडूच्या कसोटीशी संबंध किती, नॉर्दम्प्टनशायरकडून खेळल्याचा इंग्लंडमध्ये उपयोग किती. या चार प्रश्नांवर एक माहितगार लेख झाला असता. एकाच माणसाकडे पाहिलं तर यातला एकही प्रश्न सुचत नाही. दोघांना शेजारी उभं केलं की ते आपोआप सुचतात.

‘अन्याय’ हा शब्द इथे फार गोंधळ घालतो. अन्याय म्हटला की कुणीतरी अन्याय करणारा लागतो, आणि मग निवड समिती, कर्णधार, ‘लॉबी’ यांच्यापैकी एकाच्या गळ्यात तो घातला जातो. पण निवडीत असंही होतं की नुकसान खरंखुरं असतं आणि गुन्हेगार कुणीच नसतो. पद्माकर शिवलकर यांचं नाव निघालं की मराठी क्रिकेटप्रेमी आजही हळहळतो. मुंबईसाठी वर्षानुवर्षं डावखुरी फिरकी टाकणाऱ्या या माणसाच्या नावावर प्रथम श्रेणीचे ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. कसोटी मात्र एकही नाही. आपली हळहळ इथे थांबते, पण गोष्ट थांबत नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजीत ६३७ बळी, हा विक्रमच. त्यांच्याही वाट्याला कसोटी आली नाही. म्हणजे शिवलकरांना घ्यायला हवं होतं म्हणणाऱ्याला आधी गोयल यांना ओलांडावं लागतं, आणि मग दोघांच्याही पुढे उभे असलेल्या बिशनसिंग बेदींना. बेदी १९६६ ते १९७९ या काळात ६७ कसोटी खेळले आणि त्यांनी २६६ बळी घेतले. बरं, जागा डावखुऱ्या फिरकीचीच राखीव होती असंही नाही. प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे तिघं फिरकी गोलंदाजही त्याच काळातले.

१९७४ च्या बंगळुरू कसोटीत शिस्तीच्या कारणावरून बेदींना बाहेर ठेवलं गेलं. गोयल संघात दाखल झाले. आता तरी ते खेळणार, असं वाटलं, पण अंतिम अकरांत प्रसन्ना आणि वेंकटराघवन असे दोन ऑफस्पिनर आणि जोडीला चंद्रशेखर आले. त्या एका सामन्यातल्या निर्णयावर टीका करता येते, आणि ती नेमकी टीका होईल, कारण ‘वेंकटराघवनच्या जागी गोयल’ असं ठाम वाक्य तिथे लिहिता येतं. उरलेल्या सगळ्या वर्षांवर ‘घोर अन्याय’ असा शिक्का मारायचा तर बेदींना कोणत्या सामन्यातून वगळायचं ते सांगावं लागेल. कुणीही ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं उत्तर नाही. अमोल मुझुमदारचंही तेच. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, पदार्पणातच २६०, पण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण. ज्या मुझुमदारला भारताची टोपी मिळाली नाही, त्याच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिला संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा ‘अखेर न्याय मिळाला’ असा सूर बऱ्याच ठिकाणी लागला. त्या सुराने मुझुमदारचं प्रशिक्षक म्हणून केलेलं कामही झाकलं गेलं. त्याने संघ कसा बांधला हे सांगायची संधी जुन्या जखमेवर फुंकर घालण्यात गेली.

‘कुणाच्या जागी’ याच्याच पोटात आणखी एक प्रश्न आहे, कोणत्या कामासाठी. जागा म्हणजे नुसती खुर्ची नव्हे, त्या खुर्चीला काम चिकटलेलं असतं. २०१९ च्या विश्वचषकापूर्वी भारताच्या एकदिवसीय संघात चौथ्या क्रमांकावर कोण, हा दोन वर्षं चाललेला घोळ होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोहलीने अंबाती रायुडू हेच उत्तर असल्याचं जाहीर सांगितलं. रायुडूने त्या महिन्यात ब्रेबोर्नवर वेस्ट इंडीजविरुद्ध शतक केलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये वेलिंग्टनला भारत ४ बाद १८ असताना ९० धावा केल्या. मग मार्चमध्ये मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन डाव फसले. १५ एप्रिलला विश्वचषकाचा संघ आला, त्यात त्याचं नाव नव्हतं. विजय शंकर होता. अध्यक्ष एमएसके प्रसाद यांनी सांगितलं की विजय शंकर फलंदाजी करतो, ढगाळ हवेत गोलंदाजी करू शकतो आणि चांगला क्षेत्ररक्षक आहे, म्हणजे तीन बाजू सांभाळतो. दुसऱ्या दिवशी रायुडूने विश्वचषक पाहायला थ्रीडी चष्मा मागवल्याचं ट्विट केलं.

त्यानंतर सगळी चर्चा त्या चष्म्यावर गेली. विनोद चांगला होता, यात वाद नाही. पण प्रसाद यांच्या वाक्यात पत्रकारांसाठी एक धडधडीत प्रश्न पडून होता. समितीने चौथ्या क्रमांकाच्या कामाची व्याख्याच बदलली होती का? आधी तिथे डाव सावरणारा फलंदाज हवा होता, आता फलंदाजी करणारा सहावा गोलंदाज हवा होता. दोन वर्षं एक काम शोधायचं आणि शेवटच्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी माणूस घ्यायचा, ही खरी टीका होती आणि ती फार थोड्यांनी केली. पुढे जूनमध्ये मँचेस्टरला पाकिस्तानविरुद्ध विजय शंकरने विश्वचषकातल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला, तेव्हा काही जणांना प्रसाद एकदम द्रष्टे वाटू लागले. काही दिवसांनी त्याच्या पायाला दुखापत झाली आणि मयांक अगरवालला बोलावणं गेलं, तोवर एकही एकदिवसीय सामना न खेळलेल्या मयांकला. रायुडूचं नाव राखीव यादीत होतं. त्याने ३ जुलैला निवृत्ती जाहीर केली. निवडीच्या दिवसापेक्षा राखीव खेळाडूला डावलून मयांकला बोलावण्याचा दिवस अधिक खटकणारा होता, कारण समितीने स्वतःच केलेली क्रमवारी तिथे मोडली होती. पण वर्तमानपत्रांच्या लेखी रायुडूचा विषय एप्रिलमध्येच चष्म्यापाशी संपला होता. जुलैमध्ये त्याच्यावर पुन्हा भावनिक मजकूर आला, तो निवृत्तीचा.

विजय शंकरच्या त्या पहिल्या चेंडूमुळे तिसऱ्या घोळाकडे येता येतं. निवड बरोबर होती की चूक, हे आपण निकालावरून ठरवतो. निर्णय मात्र निकालाच्या आधी घेतलेला असतो. १९७१ ची गोष्ट मराठी वाचकाच्या पाठांतरातली आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीज दौऱ्यात दिलीप सरदेसाई यांना घेण्याबद्दल फारसा उत्साह नव्हता, वाडेकरांच्या आग्रहामुळे ते विमानात बसले. मडगावात जन्मलेल्या या फलंदाजाने तिथे ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२. नव्या गावसकरच्या ७७४ धावांच्या झळाळीत त्या थोड्या झाकल्या गेल्या, एवढंच. त्याच वर्षी इंग्लंडला चंद्रशेखर गेले. तीन वर्षांहून जास्त काळ ते कसोटी खेळले नव्हते आणि वेस्ट इंडीजलाही त्यांना नेलं नव्हतं. ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने मालिका जिंकली. वाडेकर, सरदेसाई, चंद्रशेखर, तिन्ही निर्णय ‘दूरदृष्टीचे’ म्हणून इतिहासात गेले. पण ते घेतले त्या दिवशी तिन्ही वादग्रस्त होते. सरदेसाईंना किंग्स्टनला लवकर पायचीत दिलं असतं, तर तोच निर्णय ‘मुंबईचा वशिला’ म्हणून लिहिला गेला असता. निर्णयाचं वजन निवडीच्या खोलीतच ठरलेलं होतं. किंग्स्टनच्या एका चेंडूने ते बदलत नाही. आपल्या लिहिण्यात मात्र ते पुरतं बदलतं.

करुणच्या बाबतीत हे आपल्यासमोर उलट्या दिशेने घडलं. इंग्लंडमध्ये चार कसोटींत आठ डाव, २०५ धावा, एक अर्धशतक. सप्टेंबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या संघातून त्याला वगळलं, तेव्हा आगरकर यांनी अधिक धावांची अपेक्षा होती असं सांगितलं. मे महिन्यात ज्या पानांवर त्याच्या पुनरागमनाचा जल्लोष होता, तिथेच आता ‘संधीचं सोनं करता आलं नाही’ अशी वाक्यं होती. मे महिन्यातला निर्णय चुकीचा होता का, हा प्रश्न मध्येच गळून पडला. तो तपासायचा तर त्या दिवशी काय माहीत होतं तेच पाहावं लागेल. कदाचित निष्कर्ष असा निघेल की निर्णय सयुक्तिक होता आणि फळला नाही. हा निष्कर्ष कोणत्याही मथळ्यात बसत नाही, म्हणून तो कुणी लिहीत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे निवडकर्त्यांवर टीकाच करू नये का? तसं मुळीच नाही. ‘कुणाच्या जागी’ हा प्रश्न निवडकर्त्यांना वाचवण्यासाठी नाही. खरा अन्याय असेल तर तो सिद्ध करायला याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. त्याचा सगळ्यात मोठा दाखला इंग्लंडमधला आहे. केपटाउनचा बेसिल डी’ऑलिव्हेरा वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेच्या संघात खेळू शकत नव्हता. जॉन आर्लट या पत्रकार-समालोचकाच्या मदतीने तो १९६० मध्ये इंग्लंडला आला आणि पुढे इंग्लंडकडून खेळू लागला. ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या. सामना संपताच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी संघ निवडला गेला. त्यात तो नव्हता.

निवड समितीचे प्रमुख डग इन्सोल यांनी दिलेलं कारण क्रिकेटचं होतं. परदेश दौऱ्याच्या दृष्टीने आम्ही त्याला अष्टपैलू न मानता फलंदाज मानलं आणि फलंदाज त्याच्याहून चांगले होते, असं ते म्हणाले. आर्लट यांनी ‘गार्डियन’मध्ये या कारणावर अविश्वास दाखवला. पण कारण खोटं पाडायला केवळ संताप पुरला नसता. तीन आठवड्यांनी टॉम कार्टराइट दुखापतीमुळे दौऱ्यातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी डी’ऑलिव्हेराची निवड झाली. कार्टराइट हा मुख्यतः गोलंदाज. ज्याला केवळ फलंदाज म्हणून मोजलं होतं, तो गोलंदाजाच्या जागी कसा चालला? आधीचं कारण या एका अदलाबदलीत उघडं पडलं. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी असा संघ स्वीकारणार नाही म्हटलं, दौरा रद्द झाला आणि दक्षिण आफ्रिका क्रिकेटजगतात एकटी पडत गेली. ती पुन्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळली ती थेट नोव्हेंबर १९९१ मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या पत्रकारांनी काय केलं ते बारकाईने पाहिलं पाहिजे. सांगितलेलं कारण आणि केलेली कृती त्यांनी एकमेकांसमोर ठेवली. विसंगती दिसली तेव्हा ती दाखवली. अन्याय झाला, हे त्या विसंगतीनेच सिद्ध झालं.

आपल्याकडे हे का होत नाही? एक कारण आपलेपणाचं. भारतीय निवड समितीची रचना दीर्घकाळ पाच विभागांची होती. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य विभागाचा निवडकर्ता आपापल्या विभागाच्या खेळाडूंची वकिली करतो, असा आरोप कायम होत राहिला. वृत्तपत्रांनी हीच वाटणी नकळत स्वीकारली. मुंबईच्या पानावर मुंबईकर उपेक्षित, बंगळुरूच्या पानावर कर्नाटकचा. २०१६ च्या त्रिशतकानंतर करुण पुढच्या कसोटीत बाहेर बसला तो मुंबईचा अजिंक्य रहाणे दुखापतीतून परतल्यामुळे. एका सामन्याने रहाणेचं दोन वर्षांचं काम पुसलं जात नाही, असं कोहलीचं म्हणणं होतं. मुंबईच्या वाचकाला त्या दिवशी यात अन्याय दिसणं अवघड होतं. करुण विदर्भाकडून खेळायला लागल्यावर तो आपलाही झाला. आपलेपणात वाईट काही नाही, क्रिकेट पाहायचं ते त्याच्यासाठीच. पण आपल्याच माणसाच्या समोर दुसरं नाव ठेवून पाहायची तयारी नसेल, तर पत्रकार चाहत्यापेक्षा वेगळा कशात?

दुसरं कारण माहितीचं. निवड समितीत फक्त अध्यक्ष बोलतो, तोही मोजकं. संदीप पाटील हे याचं गमतीदार उदाहरण. एके काळी ते ‘एकच षटकार’ या मराठी क्रीडा नियतकालिकाचे संपादक होते, २०१२ ते २०१६ या काळात निवड समितीचे अध्यक्ष. पद सोडल्यावर एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की सचिन तेंडुलकरशी त्याच्या भवितव्याबद्दल समिती डिसेंबर २०१२ मध्ये बोलली होती, आणि त्याने एकदिवसीय निवृत्ती जाहीर केली नसती तर त्याला वगळलं गेलं असतं. देशातल्या सर्वांत मोठ्या निवडीचं कारण लोकांना कळायला जवळपास चार वर्षं लागली. अशी बंद दारं असली की ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ ही बातमी फोफावते. कोणतं नाव येणार हे दोन तास आधी कळवण्यात चढाओढ लागते. त्याचा वाचकाला उपयोग काहीच नसतो, कारण दोन तासांनी ते कळणारच असतं. त्यात आणखी एक गल्लत. संघ निवडते समिती, अंतिम अकरा ठरवतात कर्णधार आणि प्रशिक्षक. २०२३ मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अश्विनला न खेळवण्याचा निर्णय संघ व्यवस्थापनाचा होता. तरी त्या दिवशी निवडकर्त्यांच्या नावाने खडे फोडणारे कमी नव्हते. कोणता निर्णय कुणाचा, हेही धड न सांगणारी टीका कुणालाच लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात साधं आहे, पैशाचं आणि वेळेचं. करुण आणि सर्फराज यांच्यात तुलना करायची तर रणजीचे सामने पाहिलेले असावे लागतात. ८६३ हा आकडा धावफलकावर मिळतो. त्यातल्या किती धावा सपाट खेळपट्टीवर, किती धावा संघ अडचणीत असताना, आखूड टप्प्याचा चेंडू तो कसा खेळतो, हे मिळत नाही. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिलं, तेव्हा त्या पानावर वार्ताहराच्या नजरेने पाहिलेले स्थानिक सामने येत. आज आयपीएलच्या दोन महिन्यांत पानं भरून वाहतात आणि चार दिवसांच्या रणजी सामन्याला वार्ताहर पाठवणं चैनीचं मानलं जातं. मग यादी जाहीर होते त्या दुपारी हाताशी उरतात ते फक्त आकडे आणि ट्विट.

संघ निवडीच्या बातमीत चार गोष्टी असल्या तरी पुरे. जागा कोणत्या कामाची होती, ती कुणाच्या ऐवजी कुणाला मिळाली, त्या दिवशी दोघांबद्दल काय माहीत होतं, आणि निर्णय नक्की कुणी घेतला. मग सहा महिन्यांनी त्याच निर्णयाकडे पुन्हा यावं, निकालाने भारावून न जाता. यातून निवड समितीचा बचाव होईल असं मला वाटत नाही, उलटच होईल. ‘अन्याय’, ‘लॉबी’, ‘अजब कारभार’ अशा शब्दांना उत्तर द्यावं लागत नाही. अध्यक्ष हसून पुढच्या प्रश्नाकडे वळतात, आणि वाचकही पुढच्या यादीपर्यंत विसरून जातो. ‘राखीव यादीत रायुडू असताना मयांक का?’ या प्रश्नावर हसून वळता येत नाही. तिथे एकतर कारण द्यावं लागतं, किंवा कारण नाही हे सगळ्यांना दिसतं. इन्सोल यांच्या समितीला हा धडा १९६८ मध्ये मिळाला. आपल्या निवडकर्त्यांना तो मिळायचा असेल, तर आधी प्रश्न विचारणाऱ्यांनी दुसरं नाव घ्यायला शिकलं पाहिजे.